अप्पांचं बीपी आणि माझं लग्न

अप्पांना मी लग्नाचं सांगितलं ते सकाळी, ते कामावर निघायच्या आधी. अप्पा म्हणजे माझे वडील. आमचं गाव बेडसे, लेण्यांच्या पायथ्याशी. अप्पा रोज मोटरसायकलनं कामशेतला जायचे, तिथून लोकलनं बेगडेवाडी. स्टेशनजवळच्या एका लहान कारखान्यात ते प्रेस मशीनवर होते. मी लोणावळ्याला तुंगार्लीत एका ऑफिसात होते. पर्यटकांना बंगले भाड्यानं द्यायचे, त्यांची बुकिंगं घ्यायची, कुठं पाणी नाही, कुठं गिझर बंद, हे बघायचं, असं माझं काम.

अप्पा ओट्यावर बसून चहा पीत होते. मी चुलीकडं तोंड करून म्हणाले, "अप्पा, मला एकजण आवडतो. लग्न करायचं म्हणतोय आम्ही."

"कुठला?"

"वरच्या वाडीतला. वायरमन आहे. तुंगार्लीतल्या बंगल्यांची कामं करतो."

"वरच्या वाडीतला," असं ते नुसतं परत म्हणाले. डोंगरावरच्या वाडीतली माणसं आमच्या घरी भात लावायला, कापायला यायची. अप्पा त्यांच्याशी नीट वागायचे, ताटं बरोबरीनं मांडायचे. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली, आणि दर रविवारी विहारात वंदना झाल्यावर अप्पाच उठून बोलायचे की माणसामाणसात भेद करू नये. त्यामुळं मला वाटलं होतं, ते फार तर थोडे दिवस गप्प बसतील.

"त्यांच्यात अजून देवाला कोंबडं कापत्यात," ते म्हणाले. मग बशी खाली ठेवली. "संध्याकाळी बोलू."

संध्याकाळी बोलणं झालंच नाही. दुपारी कारखान्यातून फोन आला, मशीनवर चक्कर येऊन पडले. हात मशीनमध्ये गेला नाही, एवढं नशीब. मी आणि आई पोचलो तेव्हा अप्पांना एका दवाखान्यात कॉटवर निजवलं होतं. डोळे लाल, चेहरा तापल्यासारखा. डॉक्टर म्हणाले, दोनशेवर एकशेवीस आहे. आईला ते आकडे कळले नाहीत, पण डॉक्टरांचा आवाज कळला.

"घरात काही टेन्शन झालं का?" डॉक्टरांनी विचारलं.

आईनं माझ्याकडं बघितलं. 

गावात दुसऱ्या दिवशीच बोभाटा झाला होता. आत्या, म्हणजे अप्पांची थोरली बहीण, आमच्याच आळीला राहायची. ती आली, अप्पांच्या उशाशी बसली आणि मला ऐकू जाईल असं आईला म्हणाली, "सकाळी पोरीनं सांगितलं न् दुपारी बाप आडवा. अजून काय पुरावा पायजे?"

अप्पा भिंतीकडं बघत म्हणाले, "जाऊ दे, आक्का."

मला तेव्हा वाटलं, केवढं मोठं मन आहे. आपण असा घोर लावला तरी बाप आपल्याला शब्दानं बोलत नाही.

तुंगार्लीत तो मला भेटला तेव्हा त्याच्या हातात पाण्याच्या मोटरीची वायर होती. मी त्याला सगळं सांगितलं आणि म्हणाले, "अप्पांचं बीपी खाली येऊ दे. मग बघू."

"येईल की," तो म्हणाला. "गोळ्या चालू केल्यात ना?"

आम्हा दोघांनाही वाटलं, महिना-दोन महिन्यांची गोष्ट.

बीपी खाली आलं नाही. एका गोळीच्या दोन झाल्या, दोनाच्या तीन. मी पगारातून हातावर पट्टा बांधायचं मशीन आणलं आणि रोज कामावरून आले की हातपाय धुऊन अप्पांसमोर बसायची. पट्टा फुगायचा, घरघर व्हायची, आकडा यायचा. एकशेऐंशी. एकशेसत्तर. कधी एकशेनव्वद. ज्या दिवशी आकडा जास्त यायचा त्या दिवशी मी मनातल्या मनात माझा दिवस तपासायची. आज माझी लोकल चुकली, घरी यायला उशीर झाला, त्यांना वाटलं असेल मी त्याच्याबरोबर होते. काल जेवताना माझा फोन वाजला आणि मी उठून बाहेर गेले. परवा मी हसले. हो, हसण्याचाही मी हिशेब लावला. घरात मी हसणं कमी केलं, फोन बंद करून पिशवीत ठेवायला लागले, आणि तरी आकडा जिथल्या तिथं.

घरातलं मीठही गेलं. डॉक्टरांनी अप्पांना कमी सांगितलं होतं, आईनं सगळ्यांचंच कमी केलं. आमच्या घरी सुकट, बोंबील म्हणजे जीव की प्राण. ते बंद झालं. लोणच्याची बरणी आत्याकडं गेली. अप्पा तक्रार न करता अळणी कालवण भाकरीला लावायचे. त्यांना तसं जेवताना बघून मी अर्धी भाकरी तशीच ठेवून उठायची. कामशेतचे डॉक्टर आईला विचारायचे, "गोळ्या वेळेवर घेतात ना? चुकवत तर नाहीत?" आई म्हणायची, मी माझ्या हातानं देते. डॉक्टरांचा विश्वास बसलाय असं वाटायचं नाही. ते पुढं म्हणायचे, "मग मन शांत ठेवा त्यांचं." ते ऐकून आई पुन्हा माझ्याकडं बघायची नाही, आणि ती मुद्दाम बघत नाही हे मला कळायचं.

अप्पांचं आणखीही काही काही होत होतं. पोटऱ्यांत गोळे यायचे. तहान फार लागायची, रात्रीतून सारखं लघवीला उठायला लागायचं. पूर्वी भाताचं पोतं एकटे उचलणारा माणूस, आता बादली भरून आणली तरी टेकायचे. अजून पन्नाशीही झाली नव्हती, पण आम्ही सगळे "वय झालं" म्हणायचो. आत्या म्हणायची, "मनानं खचलाय." त्यातही मीच होते.

तो वाट बघत राहिला. त्याच्या घरून स्थळं येत होती, तो नाही म्हणत होता. त्याची आई आजारी होती, तिला सून बघायची होती. एकदा त्यानं मला विचारलं, नुसती येऊन भेट तिला, ओळख म्हणून. मी म्हणाले, कुणी बघितलं आणि अप्पांच्या कानावर गेलं तर? मी गेले नाही. पुढच्या पावसाळ्यात ती वारली. तेव्हा मी ऑफिसातल्या बाकीच्या लोकांबरोबर वाडीवर गेले, त्यांच्यातलीच एक म्हणून मागं उभी राहिले. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि लगेच नजर दुसरीकडं वळवली, आमची ओळख कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून. तिथंही तो माझीच काळजी घेत होता.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी, आम्ही तुंगार्लीच्या धरणाच्या भिंतीवर बसलो असताना, तो म्हणाला, "आपण वाट कशाची बघतोय, ते तरी सांग. आकडा सांग. किती झालं की चालेल?"

मला आकडा सांगता येईना. एकशेतीस म्हणावं तर तो कधी येणारच नव्हता. एकशेसाठ म्हणावं तर वीस-तीस आकड्यांची घासाघीस करून मी बापाचं आयुष्य विकतेय असं वाटलं. मी रडायला लागले. तो म्हणाला, "मी भांडत नाहीये. मला खरंच माहीत नाही म्हणून विचारतोय."

तो आकडा कधीच येणार नाही हे त्या दिवशी दोघांनाही कळलं, आणि शेवटी आम्ही पुण्याला जाऊन नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. घरी आधी सांगितलं. अप्पा म्हणाले, "कर. तुझी मर्जी." ते आले नाहीत. आई एकटी लोकलनं आली, माझ्या केसांत गजरा माळला, सही झाल्यावर माझ्या तोंडात पेढा घातला आणि चारच्या गाडीनं परत गेली, अप्पांच्या गोळ्यांची वेळ चुकायला नको म्हणून.

आम्ही तुंगार्लीत एक खोली घेतली. लग्नाच्या आधीपासूनच अप्पांचं बीपी आणखी चढलं होतं म्हणून कामशेतच्या डॉक्टरांनी लघवी जास्त होणारी एक गोळी वाढवली होती. लग्नाला आठवडा झाला नसेल, एका सकाळी आत्याचा फोन आला.

"ये आता. बापाचे पाय गेले. झालं तुझ्या मनासारखं?"

अप्पा कामावर जायला बूट घालायला ओट्यावर बसले होते. बूट घातले आणि उठताच येईना. पायांत जीवच नव्हता. आईनं शेजारच्यांना हाका मारल्या, चौघांनी उचलून गाडीत घातलं. आत्यानं तिथंच ठरवून टाकलं, लकवा. मुलीच्या लग्नाचा धसका.

मी सांगितलं, लोणावळ्यालाच आणा. नवरा मला मोटरसायकलवर दवाखान्यात घेऊन गेला. दारात मी त्याला म्हणाले, "तू आत येऊ नको. तुला बघून त्यांचं अजून वाढेल." तो बाहेर गाडीवर बसून राहिला. दुपारचं ऊन त्याच्या अंगावर आलं तेव्हा त्यानं गाडी सावलीत घेतली, पण गेला नाही.

तिथल्या डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी अप्पांना पाय उचलायला सांगितले, तळव्याला काहीतरी ओढून बघितलं, छातीचा ईसीजी काढला, रक्त घेतलं. थोड्या वेळानं कागद घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "लकवा नाही. रक्तातलं पोटॅशियम फार कमी झालंय. स्नायूंना ते लागतं. ते इतकं उतरलं की पाय असे गळून जातात. आपण सलाईनमधून देऊ, बहुतेक उद्यापर्यंत पाय उचलतील."

मी त्यांच्या मागं मागं दारापर्यंत गेले. "हे टेन्शनमुळं झालं का, मॅडम?"

"टेन्शननं पोटॅशियम एवढं उतरत नाही," त्या म्हणाल्या. मग थांबल्या, बहुतेक माझा चेहरा बघून. "का विचारताय?"

"माझं लग्न झालं. त्यांच्या मनाविरुद्ध."

त्यांनी मला खुर्ची दाखवली आणि म्हणाल्या, आधी पाय हलू देत, मग सगळं नीट सांगते. दुसऱ्या दिवशी खरंच अप्पांचे पाय हलले. तेव्हा डॉक्टर पुन्हा सावकाश येऊन बसल्या आणि आम्हाला समजावून सांगितलं. दोन्ही किडन्यांच्या वर एकेक छोटी ग्रंथी असते. ती एक हार्मोन बनवते, अल्डोस्टेरॉन. शरीरात मीठ किती ठेवायचं आणि पोटॅशियम किती बाहेर टाकायचं, हे त्यावर ठरतं. कधी कधी ही ग्रंथी कुणाचंच न ऐकता ते बनवत सुटते. मग मीठ आणि पाणी अंगात साठतं, बीपी चढतं, पोटॅशियम लघवीवाटे निघून जातं. वर लघवीची गोळी दिली तर ते आणखीच उतरतं. "इतक्या गोळ्यांवरही बीपी हटत नाही आणि पोटॅशियम कमी, हे दोन्ही एकत्र दिसलं की आम्हाला त्या ग्रंथीची शंका येते. रक्तातलं हार्मोन मोजावं लागेल."

मग त्यांनी अप्पांना प्रश्न विचारायला सुरुवात केली. गोळे येतात का? तहान? रात्री किती वेळा उठता? अप्पा एकेकाला "व्हय" म्हणत होते आणि आई तोंडाला पदर लावून ऐकत होती.

"बीपी पहिल्यांदा कधी निघालं?"

ते उत्तर मला पाठ होतं. मीच बोलले. "मी लग्नाचं घरी सांगितलं त्या दिवशी. कामावर चक्कर आली—"

"न्हाई," अप्पा म्हणाले.

मी त्यांच्याकडं वळले.

"न्हाई डॉक्टर. त्याच्या आधीचं हाय." ते डॉक्टरांकडं बघत होते, माझ्याकडं नाही. "कारखान्यात तपासणी झालीवती. कायम करायचं म्हणून. तवा त्यो तपासणारा म्हनला, तुमचं लय वाढल्यालं हाय, दवाखान्यात दाखवा. मी म्हनलं, सायेब, लिवू नका, काम जाईल. त्यानं न्हाई लिवलं. दोन वरसं तरी आधी. पायात गोळे तवापासनंच येत्यात."

"घरी सांगितलं नाहीत?"

"न्हाई."

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं आणि पुढचा प्रश्न विचारला. त्यांच्यासाठी ते नुसतं उत्तर होतं. मी आईकडं बघितलं. तिनं पदर खाली घेतला होता आणि ती अप्पांकडं अशी बघत होती की मी त्या दोघांवरून नजर काढून घेतली.

बाहेर आले तर नवरा कोपऱ्यावरून चहा घेऊन येत होता. "काय म्हणाले?" त्यानं विचारलं. मी त्याला पोटॅशियम सांगितलं, ग्रंथी सांगितली, तपासण्या सांगितल्या. ते दोन वर्षं आधीचं सांगितलं नाही. वाडीवरच्या त्याच्या घरात आता कुणी नव्हतं, आणि मी त्याला काय म्हणून सांगणार होते, की तू वाट बघितलीस ती उगाच होती?

हार्मोनची तपासणी लगेच होत नव्हती. चालू गोळ्यांतल्या काहींमुळं आकडा चुकतो म्हणून त्या बंद करून दुसऱ्या दिल्या, पोटॅशियम आधी भरून काढलं, आणि काही आठवडे थांबायचं होतं. ते आठवडे मी घरी येऊन-जाऊन होते. गोळ्या बदलल्यावर बीपी भडकेल या भीतीनं आई झोपत नव्हती. मग एका सकाळी रक्त घेतलं आणि पुण्याला पाठवलं. रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, अल्डोस्टेरॉन खूप जास्त, आणि ज्याच्या हुकमानं ते वाढायला हवं ते रेनिन जवळजवळ नाहीच. म्हणजे ग्रंथी आपल्या मर्जीनं चालली आहे. पुढच्या तपासण्या पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात झाल्या. एकदा त्यांनी अप्पांना काही तास खाऱ्या पाण्याची सलाईन लावली. धडधाकट माणसाचं हार्मोन त्यानं खाली येतं, अप्पांचं आलं नाही. मग स्कॅन झालं. मग जांघेतून नळी घालून दोन्ही ग्रंथींकडून येणारं रक्त वेगवेगळं मोजलं. सगळं जास्तीचं हार्मोन उजव्या बाजूकडून येत होतं. तिथं गाठ होती, वाटाण्यापेक्षा थोडी मोठी. कॅन्सरची नव्हती.

तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी स्कॅनवर बोट ठेवून ती दाखवली. करड्या चित्रात एक लहानसा गोळा. "ही बरीच वर्षं असणार," ते म्हणाले.

मला आनंद झाला. हे लिहिताना आजही मला लाज वाटते. बापाच्या पोटात गाठ आहे, तिचं ऑपरेशन करायचं आहे, शेजारी आई हात जोडून उभी आहे, आणि मला त्या गोळ्याला मिठी मारावीशी वाटत होती. तू होतीस. मी नव्हते. मला वाटलं आत्याला त्या स्कॅनसमोर उभं करावं. मग अप्पांनी कापऱ्या आवाजात विचारलं, "कापावं लागंल का, सायेब?" आणि माझा आनंद असा खाली गेला की मी त्यांचा हात धरला तो त्यांना धीर द्यायला धरला की माझं तोंड लपवायला, मला माहीत नाही.

परतीच्या लोकलमध्ये आई खिडकीला डोकं टेकून झोपली. दुपारची गाडी, डबा रिकामाच होता. देहूरोड गेलं, बेगडेवाडी आलं. अप्पा फलाटाकडं बघत होते. आजारपणात त्यांचं काम सुटलंच होतं. गाडी हलली तेव्हा ते म्हणाले, "तुझ्या आत्यानं तुला लय बोललं."

मी आईचा घसरलेला पदर नीट केला.

"मला म्हाईत हुतं. प्रेशर आधीचं हाय, ह्ये मला म्हाईत हुतं. पयल्याच दिवशी बोलायला पायजे हुतं मी."

"मग का नाही बोललात, अप्पा?"

 घोरावाडी येऊन गेलं.

"तू थांबलीस ना," ते म्हणाले. "मला वाटलं, थांबली तर थांबली. चार दिस थांबंल, मग तिचं मन फिरंल. मी काय मुद्दाम न्हाई केलं. लोक बोलायलेत, मी नुसता गप बसलो. मग तू मशीन आणलंस, रोज माज्यासमोर बसायलीस. आता सांगावं तर कसं सांगावं, असं झालं."

मला खूप राग आला. इतका की तळेगावला गाडी थांबली तेव्हा वाटलं उतरून जावं. त्यांच्या हाताच्या शिरेवर रक्त घेतल्याचा काळानिळा डाग होता, आणि त्या हातानं ते सदऱ्याचं टोक सारखं सारखं मुठीत धरत होते. आजारी माणसावर रागवायचं कसं? मी इतकंच म्हणाले, "झोपा जरा. कामशेत आलं की उठवते." ते झोपले नाहीत. मीही दुसरीकडं बघत बसले. त्यांनी जे सांगितलं त्याबद्दल त्या दिवशी मी त्यांना एक बरा शब्द दिला असता तर चाललं असतं. तो मी अजून दिलेला नाही.

ऑपरेशन दुर्बिणीतून झालं. पोटावर तीन-चार लहान टाके, बाकी काही दिसत नव्हतं. नवरा त्या वेळी आत आला. दोन दिवस तोच दवाखान्यात राहिला, कारण रात्री बाईमाणसाला पुरुषांच्या वॉर्डात थांबू देत नव्हते. अप्पांना उठवून लघवीला नेणं, कूस बदलणं, सगळं त्यानं केलं. तो त्यांना "आबा" म्हणायचा. अप्पा पहिल्या दिवशी त्याला नावानंही हाक मारत नव्हते, दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले तर त्याला विचारत होते, "तू चा पिलास का?"

बीपी झटक्यात उतरलं नाही, पण काही आठवड्यांत उतरत गेलं. चारातल्या तीन गोळ्या सुटल्या. एक राहिली. डॉक्टर म्हणाले, इतकी वर्षं रक्तवाहिन्यांवर दाब राहिला, त्या आखडल्यात. लवकर कळलं असतं तर कदाचित तीही लागली नसती. ते सहज म्हणाले. त्या वाक्यानं मी पुन्हा पहिल्या जागी आले. अप्पांनी लपवलं हे खरं, पण रोज मशीन लावून बसायची मी. गोळे येतात, तहान लागते, पायात जोर नाही, हे सगळं माझ्यासमोर होत होतं. मी आकड्यात फक्त स्वतःला शोधत होते, त्यामुळं अप्पांना नेमकं काय होतंय हे कधी नीट विचारलंच नाही. मीच कारण आहे हे मी इतकं पक्कं धरलं होतं की दुसरं कारण शोधायला कुणाला नेलं नाही. आत्याला गाठीचं सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "गाठ तरी कशानं झाली? काळजीनंच ना?" आई हसली. मला हसू आलं नाही.

नवऱ्याला मात्र मी अजून सांगितलं नव्हतं. तो अप्पांच्या गोळीची आठवण करून द्यायला आईला फोन करायचा, आणि मी शेजारी बसून ऐकायची. एका रविवारी अप्पा आमच्याकडं आले होते, जेवून कॉटवर झोपले होते. आम्ही दोघं खाली उतरून तळ्याकडं चालत गेलो. तो म्हणाला, "तुझे अप्पा चांगले आहेत गं. आधी आजारानंच तसे झाले असतील." आणि मला ते ऐकवेना.

मी सांगून टाकलं. कारखान्यातली तपासणी, दोन वर्षं, लोकलमधलं बोलणं. "त्यांना माहीत होतं. आपण थांबलो ते उगाच थांबलो. तुझ्या आईला मी भेटले नाही तेसुद्धा उगाच. आणि हे मला दवाखान्यातच कळलं होतं, त्याच दिवशी. तू चहा घेऊन आलास तेव्हा."

तो पाण्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "एका बंगल्याची मोटर बघायची आहे," आणि निघून गेला. संध्याकाळी अप्पांना स्टँडवर मीच सोडलं.

पुढचे काही दिवस तो कामापुरतं बोलायचा. डबा घेऊन जायचा, उशिरा यायचा. तो कुणावर रागावलाय, त्यांच्यावर की माझ्यावर, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. त्याचा राग असेल तो असू दे, असं मी ठरवलं. निदान तो खऱ्या कारणावर होता.

त्याच आठवड्यात अप्पांची पुण्याला तपासणी होती. मी रजा टाकली होती. त्या सकाळी मी उठले तर तो तयार होऊन बूट घालत होता. "मी नेतो त्यांना," म्हणाला. "तू कामावर जा."

दिवसभर माझं लक्ष लागलं नाही. दोन फोन केले, त्यानं उचलले नाहीत. दिवस मावळताना तो एकटाच आला. अप्पांना घरापर्यंत सोडून आला होता. बीपी एकशेतीस आहे, पोटॅशियम बरोबर आहे, पुढची तपासणी सहा महिन्यांनी, एवढं त्यानं हात धुता धुता सांगितलं.

"बोललात काही?" मी विचारलं.

"कामशेतहून बेडशाला जाताना त्यांनीच विषय काढला. मोटरसायकलवर, मागं बसून. म्हणाले, पोरा, माझं चुकलं, तुझी आई..." तो थांबला. टॉवेलनं तोंड पुसलं. "मी म्हटलं, आबा, आता नको."

"का?"

"गाडी चालवत होतो. डोळे भरले की खड्डे दिसत नाहीत."

मी त्याचं ताट वाढलं, माझं घेतलं. आम्ही जेवलो. मग दोघांची ताटं त्यानंच उचलली.